होळीपासून मृगापर्यंत: बडोद्याचं पाणी मोजताना

बडोद्यात उन्हाळा तापला की शहराला पाणी देणाऱ्या अजवा तलावाची चौकशी एकच असते, "अजवा किती आहे?" आकडा ऐकला की माणूस निश्चिंत तरी होतो किंवा घाबरतो. होळीपासून मृगापर्यंत रोज तलाव, नद्या आणि विहिरी मोजल्यावर माझं मत ठाम झालं आहे: तो आकडा कुठे, किती वाजता आणि कशाच्या सापेक्ष मोजला हे कळल्याशिवाय त्यावर काहीही ठरवू नये. टंचाईच्या वर्षी तर मुळीच नाही.

सुरुवात अजव्यापासूनच करतो, कारण सर्वात जास्त गैरसमज तिथे आहेत. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या या तलावाची पातळी फुटांत सांगतात. २१० फूट म्हणजे तलाव २१० फूट खोल नव्हे. ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. काळा घोडा पुलाजवळची, शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची पातळीही फुटांतच सांगतात आणि तिथे २६ फूट ही धोक्याची रेषा आहे. पण तिथली पातळी मोजायची पट्टी समुद्रसपाटीपासून नव्हे, स्थानिक शून्यापासून सुरू होते, त्यामुळे या दोन आकड्यांची वजाबाकी करून काहीही हाती लागत नाही. माझ्या वहीत प्रत्येक ठिकाणाच्या पानावर सर्वात वर 'शून्य कुठे' हा रकाना असतो. तो भरल्याशिवाय पुढे लिहायचं नाही.

तलावाची पट्टी सकाळी आठ वाजता वाचायची. धरणांच्या नोंदींची वेळही साधारण हीच असते. आणखी एक कारण म्हणजे वारा. मे महिन्यात दुपारनंतर नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो आणि पाणी एका काठाकडे ढकलतो. एका टोकाला पातळी थोडी चढते, दुसऱ्या टोकाला उतरते आणि लाटांमुळे वाचन वरखाली होतं ते वेगळंच. सकाळी पाणी स्थिर असतं, तरी मी अर्धा मिनिट पाहून लाटेचा माथा आणि तळ यांच्या मधला आकडा घेतो. पट्टीजवळ उतरायचं नाही, बांधावरून दुर्बिणीने वाचायचं. अजव्यात मगरी आहेत.

पातळी रोज उतरते, पण का उतरते हे पातळी सांगत नाही. त्यासाठी बाष्पीभवन वेगळं काढावं लागतं. मोजपात्रात (बाष्पीभवन मोजायला उघड्यावर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात) दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडालं, तर त्याला ०.७ने गुणून तलावाचं बाष्पीभवन धरतात, म्हणजे ७ मिलिमीटर. पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस किलोमीटरमागे हे रोजचे ७० लाख लिटर झाले. त्याच दिवशी तलाव २० मिलिमीटर उतरला असेल, तर उरलेले १३ मिलिमीटर शहराचा उपसा आणि पाझर यांच्या नावावर. हे गणित जुळलं नाही तर आधी पट्टीचं वाचन तपासतो, मग उपशाचे तास, आणि मग पाहतो की कालव्यातून किंवा दुसरीकडून तलावात पाणी सोडलं होतं का. असं पाणी आलं असेल तर पातळी स्थिर दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

दुसरी चूक फुटांवरून थेट साठा काढण्यात होते. तलाव बशीसारखा असतो: वरच्या एका फुटात जेवढं पाणी मावतं, तेवढं खालच्या एका फुटात मावत नाही. म्हणून उपसा तेवढाच राहिला तरी मे अखेरीस तलाव मार्चपेक्षा भराभर उतरतो. पातळीवरून साठा काढायचा तो क्षमता तक्त्यावरूनच, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी हे सांगणाऱ्या तक्त्यावरून. तक्ता जुना असेल तर खाली बसलेल्या गाळाची जागाही पाणी म्हणून मोजली जाते, म्हणजे कागदावरचा साठा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो.

मही नदीचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते सर्वात महत्त्वाचं वाटतं. फाजलपूर, रायका, दोडका आणि पोईचा इथल्या फ्रेंच विहिरी नदीच्या वाळूखाली आडव्या जाळीदार नळ्यांनी पाणी ओढतात. त्यांना नुसती वाहती नदी पुरत नाही, नळ्यांच्या वरची वाळू पाण्याने भरलेली असावी लागते. नदी उतरली की नळ्यांवरचा दाब घटतो. तरीही पंप तेवढ्याच जोराने चालवले, तर पाणी नळीत वेगाने शिरतं, सोबत बारीक वाळू आणतं, आणि जाळी बुजू लागते. एकदा बुजलेली जाळी पावसाने आपोआप मोकळी होत नाही.

लोक महीवरच्या, वरच्या बाजूच्या कडाणा धरणाकडे पाहतात. केंद्रीय जल आयोगाच्या दर गुरुवारच्या पत्रकात कडाण्याची पातळी आणि साठा मिळतो. पूर्ण पातळी १२७.७ मीटरच्या आसपास, शिवाय मागच्या वर्षीच्या आणि १० वर्षांच्या सरासरीशी तुलना. ती टक्केवारी उपयुक्त, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याची असते, एकूण पाण्याची नव्हे, हे ध्यानात ठेवायचं. पण कडाणा भरलेलं आहे म्हणजे फाजलपूरला पाणी आहे असं होत नाही. वाटेत वणाकबोरीचा बंधारा आहे आणि तिथून कालवे निघतात. बंधाऱ्यावरून खाली सुटतं तेवढंच आपल्या विहिरींपर्यंत पोचतं, तेही वाटेतली कोरडी वाळू भिजवून. म्हणून माझ्या वहीत तीन रकाने आहेत: कडाण्याची पातळी, वणाकबोरीखालचा विसर्ग आणि विहिरीजवळची नदीची पातळी. पहिला स्थिर असताना तिसरा उतरू लागला, तर अडचण मधल्या रकान्यात आहे.

महीच्या खालच्या पात्रात आणखी एक मोजमाप करायचं: पाण्याची विद्युतवाहकता, कारण पाणी जितकं खारं तितकी ती जास्त. खंबातच्या आखातातली भरती मोठी असते आणि वरून येणारं गोडं पाणी कमी झालं की खारं पाणी मुखातून आत सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला ही नोंद चुकवायची नाही. मीटर पाण्यात बुडवण्याआधी त्याच पाण्याने दोनदा विसळायचा, नाहीतर आधीच्या नमुन्याचा खारटपणा नव्यात येतो.

विश्वामित्री वाहते आहे म्हणून दुष्काळ नाही, हा तर्क मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. शहरातून उन्हाळ्यात वाहतं त्यातलं बरंचसं सांडपाणी असतं. सकाळी घरोघरी आंघोळी आणि धुणी उरकली की काही तासांनी तिचा प्रवाह वाढतो, रात्री घटतो. नदीचं स्वतःचं पाणी पाहायचं असेल तर शहराच्या वर, पावागडाच्या बाजूला जावं लागतं, आणि तिथे बहुधा फक्त डोह उरलेले असतात. पात्र कोरडं असेल तर वहीत '०' लिहायचं आणि गेलो नसू तर रेघ ओढायची. या दोन्ही गोष्टी एकच मानल्या की पुढे सगळा आलेख खोटा होतो.

प्रवाह मोजायला मी तरंगत्या वस्तूची पद्धत वापरतो, तीही पुलावरून. पात्रात उतरायचं नाही. पाणी आटलं की मगरी उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि हाच त्यांच्या अंडी-पिल्लांचा काळ असतो. सरळ, झाडोरा नसलेला २० मीटरचा टप्पा निवडायचा. अर्धवट पाणी भरलेली बाटली सोडायची, कारण रिकाम्या बाटलीला वारा पळवतो. किमान पाच फेऱ्यांची सरासरी घ्यायची. समजा ८० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर. तळाशी पाणी हळू असतं, म्हणून त्याला ०.८५ने गुणायचं. पात्र ६ मीटर रुंद आणि सरासरी ०.४ मीटर खोल असेल तर क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर. विसर्ग निघतो सेकंदाला साधारण ५१० लिटर, म्हणजे १८ क्युसेक. खोली मात्र एका जागी मोजून भागत नाही, पुलाच्या कठड्यावरून वजन बांधलेला दोर दर अर्ध्या मीटरला सोडायचा.

लहान ओढ्यावर ९० अंशांची खाच असलेला पत्रा बसवला की काम नेमकं होतं: खाचेच्या खालच्या टोकापासूनची पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा २.५ घात काढायचा आणि १.३८ने गुणायचं. १५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला १२ लिटर येतात. पण तिथे १ सेंटिमीटर चुकला की उत्तर सुमारे १७ टक्क्यांनी चुकतं. उंची खाचेवर घ्यायची नाही, कारण तिथे पाणी आधीच वाकलेलं असतं. ती वरच्या बाजूला, उंचीच्या चौपट अंतरावर घ्यायची.

आता विहिरी आणि बोअर. सगळ्यात जास्त चुका इथे झाल्या. सोसायटीच्या बोअरवर पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: "काका, मोटर क्यारे बंध करी?" (मोटर कधी बंद केली?) मोटर आत्ताच थांबली असेल तर मोजलेली पातळी भूजलाची नसते, उपशामुळे त्या बोअरभोवती भूजलात पडलेल्या खड्ड्याची असते. रात्रभर बंद असलेली मोटर पहाटे सुरू होण्याआधी गाठायची. ते जमलं नाही तर दहा-दहा मिनिटांनी वाचायचं, आणि सलग दोन वाचनांत १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला तर शेऱ्यात 'पातळी चढत आहे' असं लिहायचं.

पाण्याला टेकली की वाजणारी बझरवाली टेप भिजलेल्या नळीच्या भिंतीला टेकली तरी वाजते, म्हणून वाजल्यावर वर घेऊन पुन्हा हळू सोडायची. सबमर्सिबलच्या केबलमध्ये टेप गुंतली तर ओढाताण करू नये. पाइपासोबत एक इंची पीव्हीसी नळी खाली सोडून ठेवली की हा त्रास संपतो. मोजायची जागा तांबड्या रंगाने खुणेची करायची. वाचन १८.४६ मीटर आणि नळीचं तोंड जमिनीपासून ०.६० मीटर वर, तर पातळी जमिनीखाली १७.८६ मीटर. एका ठिकाणी मध्येच नवे पेव्हर ब्लॉक बसवले आणि जमीन उंचावली. पाणी तसूभर न हलता आकडा १५ सेंटिमीटरने बदलला. तेव्हापासून नळीच्या तोंडाची उंची मी दर महिन्याला पुन्हा मोजतो.

उथळ विहीर आणि खोल बोअर यांची सरासरी काढू नये. बडोद्याखाली वाळूचे आणि चिकणमातीचे थर एकाआड एक आहेत, वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं वागतं. महीच्या कोतरांजवळ (खोल घळींजवळ) नदी खोल कापत गेल्याने भूजलही खोल असतं, पावागडाकडे गेलं की खडक लवकर लागतो. सेवासीच्या वावेसमोर (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीसमोर) उभं राहिलं की वाटतं, त्या पायऱ्या म्हणजे मोजपट्टीच आहे. पाणी जितकं उतरलं तितक्या पायऱ्या खाली जायचं.

बोअरमध्ये स्वयंचलित नोंदयंत्र टाकलं असेल तर हवेचा दाबही नोंदवायला हवा. बंद प्रकारचं यंत्र पाण्याचा आणि हवेचा दाब एकत्र मोजतं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन दाब १० मिलिबारने उतरला, तर पाणी तिथेच असूनही यंत्र पातळी १० सेंटिमीटरने घटल्याचं दाखवतं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरी वर्षातून ४ वेळा मोजल्या जातात. पावसाळ्यापूर्वीच्या त्यांच्या नोंदीशी आपली त्याच आठवड्यातली नोंद ताडून पाहिली की आपल्या टेपची चूक कळते.

पहिला पाऊस पडला की वही मिटायची इच्छा होते. तेव्हाच ती चालू ठेवायची. तापलेली जमीन पहिलं पाणी स्वतःच पिते, पंप चालूच असतात, आणि ओढा वाहू लागल्यावरही विहीर काही आठवडे उतरत राहते. ती ज्या दिवशी उतरायची थांबते, ती तारीख मी तांबड्या शाईने लिहितो.