चढतंय की उतरतंय?

मे महिन्यात पूर्णगडला घरी आलं की काम होत नाही, हे माहीत असूनही दरवर्षी लॅपटॉप घेऊन येते. यंदा सोबत मार्कारियन ४२१ नावाच्या ब्लेझारचा डेटा होता, आपल्या इस्रोच्या ॲस्ट्रोसॅट या दुर्बीण-सॅटेलाईटचा. पडवीत बसून लाईट कर्व्ह, म्हणजे वेळेप्रमाणे उजेड कसा बदलतो त्याचा ग्राफ, काढत होते तर काका मागे येऊन उभे, "हा ग्राफ मधे मधे तुटलाय कसला गो? तिथे पण लाईट जाते काय?" हसले, पण प्रश्न बरोबर होता. सॅटेलाईटची एक फेरी साधारण दीड-पावणेदोन तासांची, पृथ्वी आडवी आली की डेटा बंद, म्हणून त्या फटी.

मग सगळंच सांगावं लागलं. ब्लेझार म्हणजे लांबच्या गॅलक्सीच्या मधोमध अजस्र ब्लॅक होल, आणि त्याच्याजवळून सुटलेला जेट जवळजवळ आपल्याच तोंडावर रोखलेला. मार्कारियन ४२१ त्यातल्या त्यात जवळचा, तरी ४० कोटी प्रकाशवर्षं. एवढं मोठं धूड, पण एक्स-रेमध्ये तासातासाला मूड बदलतं.

"भरतीसारखं? रोज पाऊण-एक तास पुढे?"

तसं असतं तर माझा प्रोजेक्ट कधीच संपला असता! टाईमटेबल नाही तीच तर बोंब आहे. एक मात्र बऱ्याचदा दिसतं, उजेड वाढला की स्पेक्ट्रम 'हार्ड' होतो, म्हणजे जास्त एनर्जीच्या एक्स-रेचा वाटा वाढतो. खरी गंमत पुढे आहे. उजेड तेवढाच असला तरी चढताना हार्डनेस वेगळा आणि उतरताना वेगळा, त्यामुळे उजेडासमोर हार्डनेस प्लॉट केला की रेघ न येता वेटोळं येतं. कारण जेटमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत एक्स-रे सोडतात आणि ज्यांची एनर्जी जास्त ते आधी दमतात, मग हार्ड एक्स-रे आधी पडतात आणि सॉफ्ट मागून रेंगाळत येतात.

काका म्हणाले, "मग खाडीच झाली की. पाणी गुडघ्याएवढं आहे एवढ्यावरून काय कळणार चढतंय का उतरतंय, पायाला ओढ कुठली लागते ते बघायचं."

मी गपच झाले. हिस्टरेसिस, म्हणजे हीच चढायची वाट वेगळी नि उतरायची वेगळी भानगड, समजायला मला अख्खं एक सेमिस्टर लागलं होतं हो!

आता कधीकधी हे वेटोळं उलटं पण फिरतं. इलेक्ट्रॉनला एनर्जी मिळायलाच दमण्याइतका वेळ लागत असेल तर हार्ड एक्स-रे मागे पडतात. माझ्या डेटात एक तुकडा घड्याळाच्या दिशेने मस्त फिरला, दुसरा उलटा वाटतोय, पण एरर बार, म्हणजे मोजमापात किती चूक असू शकते ते दाखवणाऱ्या रेघा, एवढे जाडे की ते वेटोळं आहे का नुसता काला हे शपथेवर नाही सांगता येणार. बिनिंग, म्हणजे डेटा किती-किती वेळाच्या तुकड्यांत गोळा करायचा ते, बदलून परत रन लावला, तेवढ्यात काकांनी अंगणातून हाक मारली, ओहोटी लागली, खाडीतले मुळे (शिंपले) काढायला येतेस काय. टोपली घेतली नि निघाले. परत आले तेव्हा लाईट गेली होती आणि लॅपटॉप ४ टक्क्यांवर.