नाक्सोसच्या धक्क्यावर अडकलेले दोन दिवस

ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांवर ऑगस्टमध्ये जायचा बेत असेल तर आधी एक शब्द लक्षात ठेवा : मेल्टेमी. उत्तरेकडून येणारा हा वारा जुलै-ऑगस्टमध्ये एकदा सुटला की दिवसच्या दिवस थांबत नाही. आभाळ निरभ्र, ऊन कडकडीत, आणि समुद्र मात्र पांढराफेक खवळलेला.

मी मूळची अलिबागची. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की लाँच बंद, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे वाऱ्यावर माझा राग नाही. राग आहे तो एका तिकीट खिडकीवर, आणि घरी येऊन चार महिने झाले तरी तो गेलेला नाही.

व्हिसा १८ दिवसांत आला. कागद नीट लावले होते, ३०,००० युरोंचा प्रवास विमा होता, कुठे काही अडलं नाही. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून साडेपाच तासांत नाक्सोस. मी, नवरा आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, वय ७१. चार रात्री नाक्सोसला, मग मिकोनोस, आणि तिथून डेलोस. खरं तर सगळा प्रवास डेलोससाठीच होता. सायक्लेड्स म्हणजे वर्तुळातली बेटं. डेलोसभोवती कडं केलेली, म्हणून ते नाव. अपोलो या ग्रीक देवाचं हे जन्मस्थान, इ. स. पू. ४२६ मध्ये अथेन्सकरांनी तिथल्या कबरी उकरून शेजारच्या बेटावर हलवल्या आणि डेलोसवर यापुढे कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही, असा नियम केला. आजही तिथे पर्यटकांना मुक्काम करता येत नाही.

गुरुवारी सकाळी साडेदहाची आमची मिकोनोसची बोट. लहान, वेगवान, महागडी. नऊला धक्क्यावर पोहोचलो तर वारा असा की आईंचा पदर हातात राहीना. फोनवर बोट ‘वेळेवर’ दिसत होती. खिडकीतली मुलगी म्हणाली, बारा वाजता या. बाराला म्हणाली, दोनला. दोनला खिडकीवर कागद चिकटवलेला, नुसता ग्रीकमध्ये. शेजारच्या चहा-कॉफीवाल्याने वाचून सांगितलं : बंदर अधिकाऱ्यांनी सकाळी आठलाच या बोटींना बंदी घातलीय. म्हणजे आम्ही येण्याच्या आधीच! मग आम्हाला पाच तास उन्हात का बसवलं? विचारलं तर उत्तर, “उद्या सकाळी या.”

नंतर कळलं की बोट रद्द झाली की पैसे परत घ्यायचे की पुढच्या बोटीत जागा घ्यायची, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. युरोपचा नियमच आहे तो. वाऱ्यामुळे रद्द झाली तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे मिळतात. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. रद्द झाल्याचा शिक्का तिकिटावर तिथल्या तिथे मारून घ्या, नाहीतर मेलवर मेल करत बसाल. माझे पैसे सात आठवड्यांनी आले.

शुक्रवारी पुन्हा तेच. खिडकीसमोर चाळीसेक माणसं, एका जर्मन बाईंच्या कडेवर तापाने फणफणलेलं बाळ. मी धक्क्यावरचे दोर बघत उभी होते. मनगटाएवढे जाड दोर सैल पडायचे, पाण्यात बुडायचे, आणि लाट मागे गेली की ताणून त्यातून पाणी पिळून निघायचं. एवढ्यात लांबून भोंगा झाला आणि एक अवाढव्य बोट आत येऊन लागली. मागचा दरवाजा उघडला, ट्रक उतरले, माणसं उतरली. बंदी आहे तर ही कशी आली?

कॉफीवाल्याने समजावलं. बंदी सरसकट नसते. हलक्या वेगवान बोटी आधी थांबवतात. ट्रक वाहणाऱ्या मोठ्या बोटी त्याहून जास्त वाऱ्यातही सुटतात. मिकोनोसला थेट जाऊ नका, म्हणाला. संध्याकाळच्या मोठ्या बोटीने सीरोसला जा, उद्या सकाळी पिरेयसहून येणारी मोठी बोट सीरोस, टिनोस करत मिकोनोसला जाते. दोन दिवस ज्या खिडकीसमोर आम्ही उभे होतो, तिथे हे माहीत नव्हतं? माहीत होतं. बोट दुसऱ्या कंपनीची होती, एवढंच.

म्हणून सांगते, ऑगस्टमध्ये मोठ्या बोटीचंच तिकीट काढा. वेळ दुप्पट लागतो, पैसे कमी लागतात, आणि ती सुटते. बोट लागत असेल तर मधल्या मजल्यावर, मधोमध बसा.

या दोन दिवसांत नाक्सोस मात्र मनसोक्त पाहिलं. धक्क्याला लागूनच पोर्तारा : इ. स. पू. ५३० च्या सुमारास सुरू झालेल्या आणि कधीच पुरं न झालेल्या देवळाचं संगमरवरी दार. देऊळ नाही, नुसती चौकट, आणि चौकटीत समुद्र. मागे टेकडीवर व्हेनिसच्या सरदारांचा किल्ला, गल्ल्या इतक्या अरुंद की तिथे वारासुद्धा शिरत नाही. आईंना तिथला फावा फार आवडला. वाटलेल्या डाळीवर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. शाकाहारी माणसाची या बेटांवर उपासमार होत नाही. नाक्सोसचे बटाटे तर साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले.

सीरोसला रात्र काढली. शनिवारी टिनोसला बोट थांबली तेव्हा वरच्या मजल्यावरून येशूची आई मारिया हिच्या देवळाकडे जाणारा चढाचा रस्ता दिसला. नवस फेडायला लोक धक्क्यापासून गुडघ्यांवर चालत वर जातात, त्यांच्यासाठी कडेने गालिचा अंथरलेला. आईंनी बसल्या जागेवरून हात जोडले.

मिकोनोसच्या हॉटेलच्या दोन रात्रींचे पैसे बुडाले. रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या. आणि परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा. आमचा तोच कामी आला.

रविवारी वारा पडला. मिकोनोसच्या जुन्या बंदरातून लाँचने अर्ध्या तासात डेलोस. टोपी आणि पाणी घेऊनच उतरा, सावलीला झाड नाही. सिंहांच्या ओळीपाशी आले आणि पाटी वाचून थांबले : हे सिंह इ. स. पू. सातव्या शतकात नाक्सोसकरांनी अपोलोला वाहिलेले, नाक्सोसच्याच संगमरवराचे. मूळ सिंह संग्रहालयात हलवलेत, बाहेर प्रतिकृती आहेत. आई खाली भिंतीच्या सावलीत बसल्या आणि मी किंथोस टेकडी चढले. जेमतेम ११२ मीटर. पण माथ्यावरून चहूबाजूंनी बेटं दिसतात, एकामागे एक, निळ्या कड्यासारखी. दक्षिणेला नाक्सोसचे डोंगर होते. खालून लाँचचा भोंगा झाला तेव्हा पळत उतरावं लागलं.