बॅच फाइलने स्वतःच हक्क मागावेत म्हणून

ऑफिसात प्रिंटर अडकला की सगळे मलाच हाक मारतात. इलाज ठरलेला: प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारी विंडोजची सर्व्हिस) बंद करायचा, अडकलेल्या फाइल पुसायच्या, स्पूलर पुन्हा सुरू करायचा. त्याची छोटी बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी फाइल) करून सगळ्यांच्या डेस्कटॉपवर ठेवली. डबल क्लिक केलं की एकच उत्तर: 'सिस्टीम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाइड'.

विंडोज व्हिस्टापासून हे असंच आहे. खातं अ‍ॅडमिनचं असलं तरी प्रोग्रॅम साध्या हक्कांवरच सुरू होतो, पूर्ण हक्क मागून घ्यावे लागतात. राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' मी करतो. पण अकाउंट्सच्या ताईंनी ऐन बिलांच्या गर्दीत ते का लक्षात ठेवावं? म्हणून फाइललाच ते शिकवायचं ठरवलं.

वर 'नेट सेशन' ही कमांड टाकली. हक्क नसले की ती फसते. फसली तर पॉवरशेल या विंडोजच्याच कमांड-साधनातल्या 'स्टार्ट-प्रोसेस'ने, पूर्ण हक्क मागणारं 'रनअ‍ॅज' लावून हीच फाइल पुन्हा उघडायची आणि पहिली खिडकी 'एक्झिट'ने बंद करायची. एका मशीनवर मात्र परवानगीची चौकट पुन्हापुन्हा येत राहिली. तिथे 'सर्व्हर' नावाची सर्व्हिस बंद होती, त्यामुळे हक्क मिळूनही 'नेट सेशन' फसतच होतं. त्या कमांडच्या जागी 'एफएलटीएमसी' टाकलं, तीही हक्क नसले की फसते पण त्या सर्व्हिसवर अवलंबून नाही, आणि चौकट येणं थांबलं.

खरी भीती वाटली ती नंतर. स्पूलर नीट सुरू झाला, पण फाइलच्या शेजारी बनायला हवा तो लॉग (काय काय झालं त्याची नोंद) सापडेना. शेवटी खिडकी उघडी राहावी म्हणून 'पॉज' टाकून, सध्याचा फोल्डर दाखवणारं 'सीडी' चालवलं, तर काळ्या खिडकीत दिसलं: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टीम३२. वाढीव हक्कांनी उघडलेली बॅच फाइल आपल्या फोल्डरात नाही, तिथे सुरू होते! लॉग तिथेच पडला होता. पुसायच्या ओळीत मी स्पूल फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला होता म्हणून बरं. नुसतं 'डेल' आणि तारा-टिंब-तारा, म्हणजे 'इथल्या सगळ्या फाइल पुस', लिहिलं असतं तर विंडोजच्याच फाइल पुसायला निघालो असतो, तेही पूर्ण हक्कांनी. आता हक्क तपासून झाले की पहिली ओळ 'सीडी', स्लॅश-डी आणि फाइलच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता, म्हणजे आधी आपल्या फोल्डरात यायचं. ती ओळ असल्याशिवाय मी फाइल कुणाला देत नाही.

ताई आता डबल क्लिक करून 'येस' दाबतात. दोन मशीनवर खाती साधी आहेत, तिथे चौकट अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. तो मी कुणाला सांगितलेला नाही. तिथे मीच उठून जातो.