तुम्ही विचारलंत म्हणून: अभिजात तालमीनंतर क्लेझ्मर सोपे जाते का?

कार्यक्रम संपला की, व्हायोलिन पेटीत ठेवत असतानाच, कोणीतरी जवळ येऊन हा प्रश्न हमखास विचारते: “इतकी वर्षे पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलात, मग लग्नात वाजवायच्या या ज्यू धुना तुम्हाला सहजच येत असतील ना?” बोटे सहज फिरतात, हे खरे आहे; पण माझे घोडे कुठे अडले, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

क्लेझ्मर हे पूर्व युरोपातील यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंच्या लग्नकार्यांतले वाद्यसंगीत. ‘वाद्य’ आणि ‘गान’ या अर्थांच्या दोन हिब्रू शब्दांपासून बनलेला हा शब्द पुढे वादकालाच लावला जाऊ लागला. (आपल्या कोकणातील बेने इस्रायली मंडळींची परंपरा निराळी आहे; तिच्याविषयीही मला अनेकदा विचारले जाते.)

माझी पहिली अडचण सुरेलपणाची होती. प्रत्येक लांब स्वर भरीव वाजावा, त्यावर एकसारखा व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचे बारीक कंपन, असावा आणि गज पलटल्याचे कोणाला कळू नये, हे माझ्या हातात इतके मुरले होते की पहिलाच धडा घेताना शिक्षिकेने मला चार सुरांतच थांबवले आणि ‘क्रेख्त्स’ दाखवला. यिद्दिशमध्ये या शब्दाचा अर्थ कण्हणे. स्वर सोडता सोडता वरच्या बाजूला दुसरे बोट तारेवर पुसटसे टेकवायचे, तार पूर्ण दाबायची नाही आणि त्याच क्षणी गज थबकवायचा; मग घशात अडकलेल्या हुंदक्यासारखा एक तुकडा ऐकू येतो. माझ्या जुन्या तालमीत असा आवाज म्हणजे चूक होती, आणि ती चूक हातातून घालवण्यासाठी मी कित्येक वर्षे खर्ची घातली होती. तीच आता मुद्दाम, नेमक्या जागी आणि प्रत्येक वेळी थोडी वेगळी करायची होती. या एका अलंकारावर माझा पूर्ण हिवाळा गेला.

त्या मानाने स्वरांनी त्रास दिला नाही. क्लेझ्मरमधील ‘फ्रेयगिश’ या स्वरसप्तकात कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद येतात. म्हणजे आपल्या बसंत मुखारीचेच स्वर. घरी लहानपणापासून रागसंगीत ऐकल्यामुळे कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाताना मला परके वाटले नाही. मात्र कागदावर धून जेवढी लिहिलेली असते, तेवढीच वाजवायची माझी सवय मोडणे भाग होते. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेले नाफ्तुले ब्रँडवाइन आणि डेव्ह टॅरास यांचे क्लॅरिनेट ऐकावे: तोच भाग दुसऱ्यांदा येतो, तेव्हा तो तसाच्या तसा येत नाही.

अभिजात तालमीचे वादक या वाटेने पूर्वीपासून येत आले आहेत. सेंट पीटर्सबर्ग कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, शिकलेल्या ‘झिम्रो’ या वादकवृंदासाठी रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यांनी १९१९ मध्ये ज्यू धुनांवर रचना केली. ती मला फार प्रिय आहे. पण तिच्यात सगळे लिहिलेले आहे आणि ती सभागृहातच शोभते. जिओरा फाइडमन इस्रायल फिलहार्मोनिकमध्ये क्लॅरिनेट वाजवत असत, आणि क्लॅरिनेटवादक डेव्हिड क्रॅकाउर अभिजात शिक्षणानंतर क्लेझ्मरकडे वळले. इत्झाक पर्लमन यांनी १९९५ मध्ये, जगन्मान्य व्हायोलिनवादक झाल्यानंतर, क्लेझ्मर वाद्यवृंदांसोबत बसून ध्वनिमुद्रणासाठी वाजवले. मला त्या ध्वनिमुद्रणातील त्यांच्या हातापेक्षा त्यांचे ऐकणे अधिक महत्त्वाचे वाटते.

सर्वांत उशिरा आला तो ठेका. ‘होरा’ हे संथ, तीन मात्रांचे नृत्य. मात्र त्याच्या साथीत दुसरी मात्रा रिकामी सोडतात आणि वजन पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर येते. वॉल्ट्झ हे तीन मात्रांचे युरोपीय नृत्यसंगीत अंगवळणी पडलेला माझा हात ती मोकळी जागा हटकून भरून टाकायचा. शेवटी एका तालमीत शिक्षिकेने माझ्या पुढचा कागद काढून घेतला, नाचणाऱ्या चार जणांना समोर उभे केले आणि त्यांच्या पायांकडे पाहून वाजवायला सांगितले. त्यांचा पाय ज्या क्षणी जमिनीपासून वर उचललेला असे, तीच ती रिकामी मात्रा होती, आणि तो खाली येईपर्यंत मी पहिल्यांदाच गज तारेवर नुसता टेकवून ठेवला.