केराटोकोनस: क्रॉस-लिंकिंगसाठी जाऊन आले, आता जाणार असाल तर

उजव्या डोळ्याचं क्रॉस-लिंकिंग, म्हणजे केराटोकोनस हा डोळ्याचा आजार पुढे वाढू नये म्हणून करतात ती शस्त्रक्रिया, करून आले, त्याला आता काही महिने होतील. निघण्याआधी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल वाचायला भरपूर मिळालं. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नव्हतं, आणि सगळं नियोजन तर त्या दिवसांचंच करावं लागतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आजार थोडक्यात असा. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. केराटोकोनसमध्ये तो पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जाड असतो. त्रास बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहू शकतो. माझा सिलिंड्रिकल नंबर दर तपासणीला बदलत होता. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा एक दिवा मला खाली ओघळलेल्या पाच-सहा दिव्यांसारखा दिसायचा, आणि नवा चष्मा लावला तरी ते ओघळ तसेच राहायचे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कॉर्नियाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यासाठी दुसऱ्या शहरात जाणं भाग होतं. दादा सोबत आला.

निघण्याआधीच्या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. पहिली, कॉन्टॅक्ट लेन्स आधीच बंद करा. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो, त्यामुळे टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा यंत्राने काढलेला नकाशा, चुकीची येते. मऊ लेन्स साधारण एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस काढून ठेवायला सांगतात. नेमके दिवस फोन करून विचारून घ्या. दुसरी, जुन्या टोपोग्राफीचे रंगीत नकाशे आणि चष्म्याचे सगळे जुने कागद बरोबर न्या. क्रॉस-लिंकिंग करायचं की नाही हे मुख्यतः आजार वाढतो आहे की थांबला आहे यावर ठरतं, आणि ते एका नकाशावरून कळत नाही. मागचा नकाशा नसेल, तर काही महिन्यांनी पुन्हा या असं सांगून परत पाठवू शकतात. माझे जुने नकाशे होते म्हणून निर्णय त्याच भेटीत झाला.

तपासणीच्या दिवशी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात. पुढचे काही तास जवळचं वाचता येत नाही, त्यामुळे फॉर्म आणि संमतीपत्र थेंब घालण्याआधी मागून घ्या आणि शांतपणे वाचा. डॉक्टरांना मी तीन गोष्टी विचारल्या, तुम्हीही विचारा: सगळ्यात पातळ जागी जाडी किती, सगळ्यात तीव्र वक्रता किती, आणि मागच्या वेळेपेक्षा फरक किती. उत्तरं दादा वहीत लिहीत गेला. आपल्या डोळ्यांत थेंब असताना लिहिणारं माणूस सोबत हवंच.

डॉक्टरांनी एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगितली. क्रॉस-लिंकिंग असलेली नजर राखण्यासाठी असतं. काहींचा कॉर्निया नंतर थोडा सपाट होतो आणि नजर सुधारते, पण ते गृहीत धरून जाऊ नका. नीट दिसण्यासाठी पुढे बहुतेकांना चष्मा, कडक लेन्स किंवा स्क्लेरल लेन्स (कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणारी मोठी लेन्स) लागतेच. कॉर्नियाच्या आत अर्धवर्तुळाकार रिंगचे तुकडे बसवून शंकू सपाट करण्याची शस्त्रक्रिया वेगळी. तिने आकार सुधारतो, पण आजार थांबेल याची खात्री तिच्यावर ठेवत नाहीत, म्हणून अनेकदा क्रॉस-लिंकिंगही जोडीला करतात. आणि चष्मा घालवणाऱ्या लेसिक या लेझर शस्त्रक्रियेचा विचारही मनात आणू नका. आधीच पातळ असलेला कॉर्निया त्याने आणखी कमजोर होतो.

आता प्रत्यक्ष दिवस. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये विकसित झाली, रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, आणि माझं त्याच मूळ पद्धतीने झालं. भूल फक्त थेंबांची. पापण्या उघड्या ठेवायला तारेची लहान पकड लावतात. तिचा दाब जाणवतो, दुखत नाही. मग कॉर्नियाचा सगळ्यात वरचा पातळ थर खरवडून काढतात. त्या वेळी समोरचं दृश्य एकदम विरघळल्यासारखं झालं. पुढे अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब थोड्या थोड्या वेळाने घालत राहिले.

अतिनील किरण सुरू करण्याआधी त्यांनी जाडी पुन्हा मोजली. वरचा थर गेल्यानंतर निदान ४०० मायक्रॉन उरायला हवेत, नाहीतर किरणांचा त्रास आतल्या पेशींना होऊ शकतो. माझी जाडी किंचित कमी भरली. मग कॉर्निया फुगवणारे वेगळे थेंब घातले, थोडं थांबले, परत मोजलं आणि मगच दिवा लावला. तेवढा वेळ जीव टांगणीला लागला होता; पण घाई न करता पुन्हा पुन्हा मोजणारं ते पथक पाहून मला फार धीर आला. किरण अर्धा तास. काम एवढंच, की निळसर उजेडाकडे स्थिर बघत राहायचं. या किरणांनी आणि रायबोफ्लेविनने मिळून कॉर्नियातल्या कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि तो टणक होतो. काही ठिकाणी जास्त तीव्रतेचे किरण देऊन हा वेळ कमी करतात.

शेवटी बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकणारी मऊ लेन्स, बसवली आणि आम्ही खोलीवर आलो. खरी परीक्षा तिथून पुढे. भूल उतरली की डोळा जळजळतो, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री वाईट असतात, हे धरूनच चला. वेदनाशामक गोळी दुखणं वाढायची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्या. आणि कितीही दुखलं तरी भुलीचे थेंब घरी वापरायला मागू नका. त्याने जखम भरत नाही, कॉर्नियाला गंभीर इजा होऊ शकते. जाड पडद्यांची खोली, गडद गॉगल, आणि थेंबांच्या वेळांचे गजर लावलेला सोबत्याचा फोन, एवढी तयारी आधीच करा.

राहण्याची सोय रुग्णालयाच्या अगदी जवळ बघा आणि बँडेज लेन्स काढेपर्यंत शहर सोडू नका. ती साधारण तीन ते पाच दिवसांनी, थर भरून आला की काढतात. परतीचं तिकीट बदलता येईल असंच घ्या, कारण कुणाची जखम भरायला एखादा दिवस जास्त लागतो. लेन्स मधेच निघाली तर ती परत घालू नका, रुग्णालयात फोन करा. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, पू दिसला, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर रात्र असली तरी जा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तास मोलाचे असतात. डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देऊ नका, आणि डोळा चोळायचा नाही. ही सवय केराटोकोनस असलेल्यांनी कायमचीच सोडायला हवी. ॲलर्जीमुळे खाज येत असेल तर तिच्यावर वेगळे थेंब मागून घ्या.

पहिले काही आठवडे मला आधीपेक्षाही धूसर दिसत होतं. कॉर्नियात हलका धुरकटपणा येतो, तो काही महिन्यांत ओसरतो. हे आधी कळलेलं असेल तर धसका बसत नाही. नव्या चष्म्याची घाई करू नका, नंबर स्थिर व्हायला महिने लागतात. स्टिरॉइडचे थेंब चालू असेपर्यंत डोळ्याचा दाब मोजून घेत जा. ते काम गावातले डॉक्टरही करू शकतात. टोपोग्राफी मात्र शक्यतो त्याच यंत्रावर करा, दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.

तिथे बसलेल्या एका काकांचं कॉर्नियाचं रोपण झालं होतं. त्यांच्या आजाराने इतकी मजल गाठली होती, की मध्यभागी व्रण येऊन लेन्सनेही दिसेना. त्यांचा स्वतःचा सगळ्यात आतला थर शाबूत ठेवून फक्त पुढचा भाग बदलला होता. अशा रोपणात शरीराने ते नाकारण्याचा धोका कमी असतो, पण टाके वर्ष-वर्ष राहतात आणि तपासण्या लांबतात. ते स्वतः समाधानी होते. मला एवढंच म्हणाले, "पोरी, तू वेळेत आलीस."

हा आजार काही घरांत एकापेक्षा जास्त जणांना होतो, म्हणून डॉक्टरांनी दादाचीही टोपोग्राफी करून घेतली. त्याची व्यवस्थित आली. तुमच्यासोबत भाऊ किंवा बहीण येणार असेल तर त्यांचीही त्याच फेरीत करून घ्या, आणि ते लेन्स वापरत असतील तर त्यांनाही ती आधीपासून बंद ठेवायला सांगा.