वर्गणी कसली?

माझे सासरे बँकेतून निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, तरी घरातील जमाखर्चाची वही अजून त्यांच्याच हाती आहे. गेल्या महिन्यात माझ्या कार्डाच्या हिशेबात डॉलरमधली एक रक्कम पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, ‘गणपतीची वर्गणी समजते, सोसायटीची समजते; ही कसली?’ मी सांगितले की ही अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांच्या संस्थेची वार्षिक वर्गणी आहे आणि त्याबरोबर स्त्रिया व गुन्हे या विषयासाठी असलेल्या तिच्या विभागाला दिलेली थोडी देणगी. ‘म्हणजे सोसायटीचीच,’ असे म्हणून ते थांबले, पण वही काही मिटली नाही. त्यांना देता देता जे उत्तर लांबत गेले, तेच येथे जरा सविस्तर मांडते.

ही संस्था 1941 साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झाली. ऑगस्ट व्होल्मर या नामांकित पोलीस अधिकाऱ्याच्या पुढाकाराने जमलेल्या त्या मंडळींपुढचा मुख्य प्रश्न पोलिसांच्या प्रशिक्षणाचा होता. स्त्रियांचा विचार त्यात कोठे नव्हता. स्त्री-गुन्हेगारांविषयी शास्त्राला जे सांगायचे होते ते जणू इटालियन गुन्हेशास्त्रज्ञ लोंब्रोसोने 1893 मध्येच सांगून टाकले होते, आणि ते म्हणजे गुन्हा करणारी बाई मुळात बाईसारखी नसतेच. पुढे कित्येक दशके हाच समज वेगवेगळे पोशाख घालून वावरत राहिला. 1975 मध्ये फ्रेडा ॲडलर आणि रीटा सायमन या अभ्यासिकांची स्त्रिया आणि गुन्हे यांवरची पुस्तके आल्यावर वादाला तोंड फुटले, आणि 1984 मध्ये संस्थेच्या अंतर्गत ‘डिव्हिजन ऑन वुमेन अँड क्राइम’ हा विभाग उभा राहिला. संस्थेच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, जोन मॅकॉर्ड, यायला तर 1980 चे दशक सरत आले होते. या विभागाचे नियतकालिक 2006 पासून निघते आणि विभागाच्या नावातही आता ‘स्त्रीवादी गुन्हेशास्त्र’ हे शब्द आले आहेत.

वेगळ्या विभागाची गरज काय, हा प्रश्न सासऱ्यांनी विचारला आणि तो योग्यच होता. कॅथलीन डेली आणि मेडा चेस्नी-लिंड या गुन्हेशास्त्रज्ञांनी 1988 च्या एका लेखात दोन साधे प्रश्न मांडले होते. पुरुषांच्या अभ्यासावर बेतलेले गुन्ह्याचे सिद्धान्त स्त्रियांना लागू पडतात का, हा पहिला. आणि गुन्ह्यांत पुरुषांचे प्रमाण सर्वत्र इतके जास्त का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे मोल मला फार उशिरा कळले. गुन्हा आणि लिंगभाव हा विषय केवळ बायकांचा नाही. मुलगा ‘पुरुष’ होतो म्हणजे नेमके काय होतो, हेही त्यातच येते. मोजणीचेही तसेच. अमेरिकेतील गुन्हेबळींच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पूर्वी बलात्काराविषयी थेट विचारलेच जात नसे, हल्ल्याविषयी मोघम विचारले जाई. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रश्नावली बदलली, ओळखीच्या माणसाने केलेल्या अत्याचाराविषयी स्पष्ट विचारणे सुरू झाले, आणि आकडे वाढले. फरक पडला तो विचारण्यात.

असे प्रश्न विचारायला शिकणारी माणसे बहुतेक पीएच.डी.चे विद्यार्थी असतात आणि त्यांच्या गाठीला पैसा नसतो. या विभागामार्फत, गुन्हेशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिणारे लॅरी सीगल यांच्या नावाने, लिंगभाव आणि गुन्हे यांवर संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी फेलोशिप आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांची स्पर्धाही आहे. अशा रकमांनी कोणाचे वर्षाचे घरभाडे भागत नाही. मला प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच एका विद्वत्परिषदेकडून अशी छोटी रक्कम मिळाली होती आणि तिचा हिशेब मला आजही पाठ आहे. निम्म्याहून अधिक पैसे मुलाखतींचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून घेण्यात गेले, बाकीचे शहरापासून तीन तासांवर असलेल्या स्त्रियांच्या तुरुंगापर्यंत भाड्याच्या गाडीने जाण्यात. त्या तुरुंगात माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. त्यांतील चार वेळा भेट आयत्या वेळी रद्द झाली आणि मी वाहनतळावर बसून डबा खाऊन परतले. अमेरिकेच्या नियमांनुसार कैद्यांना संशोधनात विशेष संरक्षण आहे. ते असायलाच हवे, पण त्यामुळे नीतिसमितीची मंजुरी, तुरुंगाची मंजुरी आणि पुन्हा दुरुस्त मंजुरी यांत महिने जातात. या वाट पाहण्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवता येत नाही, आणि विद्यापीठाची नेहमीची मदत नेमकी तेथेच अपुरी पडते.

पैशाइतकाच उपयोग ती रक्कम मंजूर झाल्याच्या पत्राचा झाला. नवऱ्याच्या खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांवर मी काम करते हे ऐकून ‘यात शास्त्र काय?’ असे विचारणारे मला भेटले होते. विषयातल्या जाणत्या माणसांनी प्रस्ताव वाचून निवडला आहे, हे दाखवता आल्यावर तो प्रश्न बंद झाला. या विभागाच्या एका पुरस्काराचे नाव मला फार आवडते. कोरामे रिची मान या कृष्णवर्णीय अभ्यासिकेच्या नावाने तो दिला जातो, आणि ‘गैरसोयीची स्त्री’ असा त्या पुरस्काराचा किताब आहे. खुनी स्त्रियांवर त्यांनी स्वतः पुस्तक लिहिले होते.

सरकार आहे की पैसे द्यायला, असे सासरे म्हणाले. होते. 2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने शेकडो चालू अनुदाने एका फटक्यात रद्द केली. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था ती पोकळी भरून काढू शकत नाही, हे उघड आहे. शिवाय तिच्या निवडीतही खोट राहते: अर्ज कसा लिहावा हे शिकवणारा मार्गदर्शक ज्याला लाभला, तो आधीच पुढे असतो. तरीही मंत्री बदलला म्हणून ही मदत थांबत नाही, एवढे नक्की.

आपल्याकडे अशी परंपरा नाही असे नव्हे. इंडियन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी 1970 पासून आहे, आणि मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात 1981 मध्ये भरलेल्या परिषदेतून स्त्री-अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना निघाली. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात पोलीस निर्दोष सुटले, त्या निकालावर 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिणारे चौघेही कायद्याचे अभ्यासक होते. त्यांत वसुधा धागमवार होत्या, आणि त्या पत्रानंतर पेटलेल्या चळवळीमुळे 1983 मध्ये कायदा बदलला. पण नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, न मिळालेल्या संशोधक विद्यार्थिनीला, केंद्रीय विद्यापीठात असली तरी, महिना 8,000 रुपये मिळतात. तेवढ्यात खोलीचे भाडे, खाणावळ आणि तुरुंगाच्या फेऱ्या कशा बसवायच्या, हे माझ्या विद्यार्थिनी मला विचारतात, आणि मी त्यांना कोठे कोठे अर्ज करता येईल याची यादी देते.

सासऱ्यांनी सर्व ऐकून घेतले. मग रक्कम रुपयांत मांडली आणि सदराच्या रकान्यापाशी पेन थांबवले. ‘धर्मादायात घालू की शिक्षणात?’

मी म्हटले, शिक्षणात. त्यांनी ‘शिक्षण’ लिहिले, कंसात ‘सोसायटी’ लिहिले, आणि पावती मागून घ्यायला सांगितले.