युद्धनौकेवरची शिस्त, कोथरूडच्या टेबलावर

टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या आमच्या अंतराळ-खेळात कॅप्टन कोण होणार यावरून वाद झाला नाही, कारण कोणालाच व्हायचं नव्हतं. पायलटला जहाज उडवायला मिळतं, इंजिनियरला फुटलेलं जोडायला मिळतं, डॉक्टरला तर सगळ्यांना झापायचा परवानाच. कॅप्टनने खुर्चीत बसून "करा" म्हणायचं, एवढंच. शेवटी जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने, माझ्याकडे बोट दाखवलं. आधीच्या ड्रॅगन-तलवारींच्या मोहिमेत मी सगळ्यांना काय करायचं ते न विचारता सांगत होतो म्हणे. "तेच आता अधिकृतपणे कर."

खेळ होता स्टार ट्रेक ॲडव्हेंचर्स, स्टार ट्रेक या अंतराळातल्या टीव्ही मालिकांवर बेतलेला. मोडिफियस या ब्रिटिश कंपनीचा, २०१७ साली आलेला. काळ आम्ही डोमिनियन युद्धाचा निवडला, म्हणजे त्या विश्वातली २३७३ ते २३७५ ही वर्षं. जहाज डिफायंट वर्गाचं: कागदावर 'एस्कॉर्ट' म्हणजे सोबतीची नौका, प्रत्यक्षात चक्क युद्धनौका, पन्नासेक माणसांची. नाव आम्ही ठेवलं यू.एस.एस. सिंधुदुर्ग. त्यावर अर्थातच कोणाचंही दुमत नव्हतं. पाच जण शनिवारी संध्याकाळी कोथरूडला एका टेबलाभोवती, आणि सहावी, म्हणजे आमची पायलट, डब्लिनहून लॅपटॉपवर.

मला वाटलं होतं की कॅप्टनची परीक्षा लढाईच्या क्षणी होईल. झाली ती मोमेंटमच्या डब्यावरून. या खेळात तुम्ही किमान दोन वीसबाजूंचे फासे टाकता. गरजेपेक्षा जास्त यश मिळालं की ते मोमेंटम म्हणून सगळ्यांच्या सामाईक साठ्यात जातं, आणि साठा सहाच्या वर जात नाही. जास्तीचा पहिला फासा एका मोमेंटमला मिळतो, दुसरा दोनला, तिसरा तीनला. एकाच माणसाने हौसेने तिन्ही घेतले की साठा संपला. सोसायटीच्या टाकीसारखंच: वरच्या मजल्यावर कोणीतरी गाडी धुतं आणि तळमजल्यावर साबण अंगावर घेऊन कोणीतरी उभं असतं. आमचा इंजिनियर प्रत्येक दुरुस्तीला पाच फासे घेऊन बसायचा. दुरुस्ती झकास व्हायची, आणि पुढच्याच चालीला शत्रू आम्हाला झोडपायचा. कारण जहाजांच्या लढाईत आपली एक चाल झाली की पाळी समोरच्याकडे जाते. लागोपाठ आपल्याच माणसाला खेळवायचं तर दोन मोमेंटम मोजावे लागतात.

कॅप्टन म्हणून माझा पहिला स्थायी आदेश या हिशेबाचाच निघाला. लढाईत साठ्यातले दोन मोमेंटम राखीव. त्याला हात लावायचा तर आधी विचारायचं. ज्याला जास्तीचे फासे हवेतच, त्याने जीएमला थ्रेट देऊन घ्यावेत, म्हणजे पुढचं संकट स्वतःच्या नावावर घ्यावं. इंजिनियर दोन शनिवार धुसफुसला. मग त्या राखीव दोनांवर पायलटने लागोपाठची चाल घेऊन आम्हाला जेम'हदारच्या, म्हणजे डोमिनियनच्या सैनिकांच्या, तीन जहाजांच्या कचाट्यातून बाहेर काढलं. तेव्हापासून विषय बंद.

दुसरी गोष्ट आदेश देण्याची. सहकाराने खेळायच्या कुठल्याही खेळात एक आगाऊ माणूस असतो, जो सगळ्यांच्या चाली स्वतःच खेळतो. त्यालाच कॅप्टन केलं की बाकीच्यांना नुसते फासे टाकायचं काम उरतं. मी स्वतःला एक बंधन घालून घेतलं: काय हवं ते मी सांगायचं, कसं करायचं ते त्या त्या खात्याने. "फेझरने त्यांचं डावं इंजिन उडव" असं म्हणायचं नाही. "ते सीमेपलीकडे पोचता कामा नयेत, पण जिवंत हवेत" एवढंच. ही युक्ती ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल नेल्सनची. ट्रॅफल्गरच्या लढाईआधी, ऑक्टोबर १८०५ मध्ये, त्याने आपल्या कॅप्टनांना लेखी कळवलं होतं की माझे सिग्नल दिसले नाहीत, तर ज्याने आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला नेऊन भिडवलं तो फारसा चुकणार नाही. हेतू कळला की माणूस बाकीचं स्वतः जुळवतो. आमच्या सायन्स ऑफिसरने त्या एका वाक्यावर ट्रॅक्टर बीम (जहाज ओढून धरणारा किरण) आणि बनावट आपत्कालीन संदेश यांची अशी काही सांगड घातली की ती मला जन्मात सुचली नसती.

आदेश परत म्हणून दाखवायची पद्धत मात्र डब्लिनच्या इंटरनेटमुळे आली. आवाज तुटायचा, पायलट भलतीकडेच वळायची. मग मी म्हटलं, ऐकलेला आदेश पुन्हा म्हणायचा आणि मगच चाल. खऱ्या जहाजांवर सुकाणूवरचा माणूस हेच करतो. अधिकारी दिशा सांगतो, सुकाणूवाला ती शब्दशः परत म्हणतो, वळवतो, वळल्याचं कळवतो. नेट सुधारलं तरी आम्ही ती सवय सोडली नाही. त्यात एक रुबाब होता, आणि खरं सांगायचं तर परत म्हणताना निम्म्या वेळा मलाच कळायचं की मी काहीतरी अर्धवट बोललोय.

रुबाबावरून आठवलं. आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करणारे. खेळात मात्र ठरलं की पात्र म्हणून बोलताना अहो-जाहो. "कॅप्टन, तुम्ही हे चुकीचं करताय" हे लेफ्टनंटचं बोलणं. "अरे, तू काय वेडा आहेस का" हे मित्राचं. पहिल्याला कॅप्टनने उत्तर द्यायचं, दुसऱ्याला मी. हे किती कामाचं आहे ते पुढच्या प्रकरणात कळलं.

आमचा टॅक्टिकल ऑफिसर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा लेफ्टनंट, बेजोरन, बेजोर ग्रहावरचा. कार्डासियन या परग्रहवासीयांनी बेजोरवर अनेक दशकं कब्जा केला होता. तो २३६९ मध्ये सुटला. या खेळात प्रत्येक मुख्य पात्राची काही मूल्यं असतात, एकेका वाक्यात लिहिलेली. त्याच्या कागदावरचं एक होतं: "कार्डासियनाचा शब्द म्हणजे सापळा." तर एका मोहिमेत निकामी झालेलं एक गॅलोर वर्गाचं कार्डासियन जहाज समोर होतं. ढाली पडलेल्या, उघड्या चॅनलवर शरणागती. मी आदेश दिला: ढाली वर, कोणीही गोळीबार करायचा नाही. त्याने तो खणखणीत आवाजात परत म्हटला. जीएमने हळूच एक डिटरमिनेशनचा टोकन त्याच्यापुढे सरकवला, कारण मूल्यामुळे पात्र अडचणीत येत असेल तर खेळ तो मोबदला देतो. आणि त्याने फेझर डागले.

टेबल एकदम गप्प. मी कॅप्टनगिरी बाजूला ठेवून विचारलं, "हे तू केलंस की त्याने?" तो म्हणाला, "त्याने. मी असतो तर माझी टरकली असती." बास. उत्तर उलटं आलं असतं, म्हणजे कंटाळा आलाय म्हणून किंवा माझ्यावर राग आहे म्हणून केलं असतं, तर ते जहाजावर सोडवायचं प्रकरणच नव्हतं; चहाच्या टपरीवर सोडवलं असतं. उशिरा येणं, मोबाइल बघत बसणं, दुसऱ्याच्या पाळीत बोलणं याबद्दल मी कॅप्टन म्हणून कोणाला कधी काही बोललो नाही. मित्र ट्रॅफिकमध्ये अडकला म्हणून त्याच्या पात्राला कोठडी, हा प्रकार मी दुसऱ्या टेबलावर पाहिलाय. तिथे आता कोणी जात नाही.

चौकशी आम्ही पूर्ण एक शनिवार खेळलो, आणि त्या मोहिमेतला माझ्या मते तो सर्वांत चांगला शनिवार. फर्स्ट ऑफिसरची भूमिका करणारी आमच्यातली वकील. तिने अमेरिकन नौदलाचा 'कॅप्टन्स मास्ट' हा नमुना घेतला: शिडाच्या काळात मुख्य डोलकाठीपाशी भरणारी सुनावणी. ज्युरी नाही, कॅप्टन आरोपीचं ऐकतो, साक्षीदारांचं ऐकतो आणि निकाल देतो. लेफ्टनंटने कोर्टमार्शलची मागणी केली, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की किनाऱ्यावरच्या सैनिकाला ती मागता येते, जहाजावर नेमलेल्याला नाही. मग तो म्हणाला, "मग मला पाव आणि पाण्यावर कोंडा." त्यावरही ती तयार होती: ती शिक्षा कनिष्ठ खलाशांपुरतीच, तीन दिवसांची, आणि २०१९ मध्ये कायद्यातून गेली.

बचाव मात्र त्याने भारी केला. मी मोहीमभर नेल्सन ऐकवत आलो होतो. त्याने मलाच नेल्सन ऐकवला. कोपनहेगनची लढाई, १८०१. माघारीचा सिग्नल आला तेव्हा नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि आपल्याला काही दिसत नाही असं सांगितलं, अशी कथा आहे. "तो जिंकला म्हणून हिरो, कॅप्टन. माझ्या जागी असता तर तुम्ही कोणाचं जहाज बघितलं असतं?" इंजिनियरने टेबलावर टाळी मारली. मी थोडा वेळ घेतला. नेल्सनसमोरचा शत्रू तोफा डागत होता, आणि याच्यासमोरच्याने शस्त्र खाली ठेवलं होतं, एवढा फरक माझ्या निकालाला पुरेसा होता.

शिक्षा काय द्यायची, यावर खरं डोकं खर्च झालं. स्टार ट्रेकच्या मालिकांमध्ये आदेश मोडणाऱ्या एका पायलटला रँक उतरवून तीस दिवस कोठडीत टाकलेलं आहे. टीव्हीवर ते तीस दिवस एका भागात सरतात. टेबलावर पात्र कोठडीत गेलं की खेळाडू सोफ्यावर जातो, तिसऱ्या शनिवारी त्याला घरचं काम निघतं आणि चौथ्या शनिवारी तुम्ही नवा टॅक्टिकल ऑफिसर शोधत असता. पण शिक्षाच नाही, तर पुढच्या आदेशाला किंमत काय?

नियमपुस्तकातल्या सहायक पात्रांनी वाट काढून दिली. मुख्य पात्र प्रसंगात नसेल तर खेळाडूला जहाजावरचा दुसरा कोणीतरी उभा करता येतो. त्याचे आकडे थोडे कमी, सुरुवातीला मूल्य एकही नाही. पुन्हा पुन्हा आला की हळूहळू भरत जातो. लेफ्टनंट ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षातून, खाली, आपल्या केबिनमध्ये, पुढच्या तळावर पोचेपर्यंत. आणि त्याच्या खेळाडूने उभा केला टॉर्पेडो कक्षातला एक म्हातारा चीफ पेटी ऑफिसर, ज्याला आता साहेबाशिवाय साहेबाचं खातं चालवायचं होतं आणि साहेबाच्या केबिनवर जेवणही पोचवायचं होतं.

हा चीफ माझ्या डोक्याला ताप झाला. आदेश तंतोतंत पाळायचा, "होय कॅप्टन" शिवाय बोलायचा नाही, आणि प्रत्येक होयमध्ये मला ऐकू येईल इतकी नाराजी. काही खेळींनी त्याला मूल्य मिळालं तेव्हा खेळाडूने लिहिलं: "ब्रिजवरून खालचं काही दिसत नाही." मग मला खाली जावं लागलं. पात्राने टॉर्पेडो कक्षात जाऊन उभं राहायचं, चीफकडून ऐकायचं की शिक्षा बरोबर होती पण ती कक्षातल्या पोरांना कोणी समजावून सांगितली नव्हती. खलाशांचा समज झाला होता की कॅप्टनला कार्डासियनांची दया आली म्हणून साहेबाला उतरवलं. निकालाची कारणं पूर्ण जहाजाला वाचून दाखवायची प्रथा तिथून सुरू झाली, अगदी कौतुकाच्या निकालांचीसुद्धा.

लेफ्टनंट परत आला तो अटींवर: फेझरला हात लावायच्या आधी फर्स्ट ऑफिसरची संमती. पुढे जखमी कार्डासियन कैदी आमच्या जहाजावर असताना त्यांच्यातल्या एकाने जहाजातल्या ऊर्जावाहिनीत होणाऱ्या स्फोटाची आगाऊ सूचना दिली. लेफ्टनंटने ते "सापळा" वालं मूल्य कागदावर खोडलं. खेळात मूल्याला असं आव्हान दिलं की डिटरमिनेशन मिळतं. त्याने ते तिथेच खर्च केलं, म्हणजे एक फासा न टाकताच एकवर ठेवला, जो दोन यशांबरोबर धरतात, आणि स्फोटाआधी कक्ष रिकामा झाला.

मोहिमेच्या शेवटी खेळात प्रतिष्ठेचा हिशेब होतो. ठपका आणि गौरव दोन्ही मोजले जातात. लेफ्टनंटवर ठपका लागलाच. जीएमचं म्हणणं अजूनही आहे की मी नरम पडलो. शरण आलेल्या जहाजावर गोळीबार म्हणजे थेट कोर्टमार्शल आणि पात्र कायमचं बाद. स्टारफ्लीटच्या, म्हणजे त्या विश्वातल्या आमच्या नौदलाच्या, पुस्तकाप्रमाणे त्याचंच बरोबर असेल. पण त्याच्याकडे दर शनिवारी नवा शत्रू तयार असतो. टॅक्टिकलच्या खुर्चीवर बसणारा मित्र मात्र माझ्याकडे एकच होता. चीफ पेटी ऑफिसरला आम्ही पुढच्या मोहिमेत बढती द्यायचं ठरवलं होतं. खेळाडूने नकार दिला. म्हणाला, "वर गेला की त्यालाही खालचं दिसायचं बंद होईल."